किराणा दुकानात खपाचा अंदाज एआयकडून कसा काढायचा: बिलांच्या माहितीपासून ऑर्डरपर्यंत

किरकोळ व्यापारात एआय म्हटले की कॅमेरे, रांगेविना खरेदी आणि बोलणारे चॅटबॉट आठवतात. त्यातले बरेच काही महागडे आहे आणि मोठ्या कंपन्यांनाही पचलेले नाही. अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये सिएटलला काउंटरशिवायचे दुकान लोकांसाठी उघडले आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या फ्रेश दुकानांतून तीच यंत्रणा काढायला घेतली. फळ्यांवरचा माल तपासत फिरणारे रोबो वॉलमार्टने २०२० मध्ये थांबवले. याउलट कोणता माल, किती आणि कधी मागवायचा हे ठरवण्याचे काम बाहेरून दिसत नाही, पण गल्ल्यावर त्याचा परिणाम थेट होतो. माल शॉर्ट पडला की गिऱ्हाईक जाते, जास्त भरला की पैसा अडकतो आणि एक्सपायरीचा ढीग वाढतो.

खालची पद्धत एक ते पाच दुकाने, प्रत्येकात दोन ते पाच हजार आयटम, संगणकावर बिलिंग आणि आठवड्याला येणारे सेल्समन असा व्यवहार असणाऱ्यांसाठी आहे. सॉफ्टवेअर विकणारे मॉडेलबद्दल बोलतात, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज काढणाऱ्या गणिताबद्दल (खाली त्यालाच ‘यंत्र’ही म्हटले आहे). प्रत्यक्षात अंदाज बिघडतो तो दोन ठिकाणी: माल संपलेल्या दिवसांची नोंद नसते आणि सणांची दिनदर्शिका चुकीची लावलेली असते. म्हणून लेखातही त्या दोन पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

१. आयटम निवडा

सगळ्या पाच हजार आयटमवर एकदम जाऊ नका. गेल्या वर्षाच्या विक्रीची यादी रुपयांनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे २०० ते ३०० आयटम घ्या. त्यातून तीन प्रकार बाजूला काढा: सहा महिन्यांपेक्षा कमी काळ दुकानात असलेले, आठवड्याला दोन नगांपेक्षा कमी खपणारे, आणि भाजीपाला. नव्या आयटमला इतिहास नसतो. मंद आयटमचा रोजचा अंदाज काढण्यात अर्थ नाही, तिथे ‘दोन उरले की एक बॉक्स मागवा’ हा नियम पुरतो. भाजीचा खप रोजच्या भावावर आणि मालाच्या प्रतीवर इतका हलतो की ते शेवटी घ्यायचे काम आहे.

२. बिलांमधून माहिती काढा

बिलिंग सॉफ्टवेअरमधून आयटमवार विक्री एक्सेलमध्ये काढा. रकाने एवढे हवेत: तारीख, वेळ, बिल क्रमांक, आयटम कोड, नग किंवा वजन, एमआरपी, प्रत्यक्ष विक्रीदर, आणि स्कीम होती का. दुसऱ्या फाइलमध्ये आवक: कोणता माल कधी आला, किती आला. कालावधी किमान दोन वर्षांचा, तीन मिळाली तर उत्तम. दिवाळी वर्षातून एकदाच येते, त्यामुळे दोन वर्षांच्या माहितीत यंत्राला दिवाळी दोनदाच दिसते. लॉकडाउनचे महिने, म्हणजे मार्च २०२० पासूनचे दीड-दोन वर्षांचे आकडे, शिकवण्यासाठी वापरू नका.

ही माहिती कधीच स्वच्छ नसते. नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा:

एकाच मालाचे अनेक कोड. कंपनी पुड्याचे वजन बदलते, नवा बारकोड येतो, दुकानात नवा आयटम तयार होतो आणि जुन्याचा इतिहास तुटतो. जुना आणि नवा कोड एका ‘मूळ कोड’खाली जोडा. ८९० ने सुरू होणारा बारकोड हा भारतातल्या जीएस१ संस्थेकडे नोंदलेल्या कंपनीचा असतो, तर २ ने सुरू होणारे कोड बहुधा दुकानाच्या काट्याने छापलेले असतात आणि त्यात वजन किंवा किंमत भरलेली असते. काट्याचा पूर्ण कोड आयटम म्हणून मोजला तर सुट्या शेंगदाण्याचे शेकडो वेगळे आयटम होतात. त्यातला फक्त आयटमचा भाग घ्या.

चुकीचे पंचिंग. दहा रुपयांच्या चार वेगवेगळ्या चवींच्या वेफर्सची पाकिटे काउंटरवर एकाच कोडवर चार नग म्हणून मारली जातात. एका चवीचा साठा वजा होतो, दुसरीचा फुगतो. अशा आयटमचा अंदाज चववार काढू नका. गटाचा एकत्र काढा आणि ऑर्डर देताना फळी पाहून वाटणी करा.

नग आणि बॉक्स यांची गल्लत. आवक बॉक्समध्ये, विक्री नगात. शॅम्पूच्या लडीत तर कधी लडी विकली जाते, कधी सुटी पुडी. सगळे सर्वांत लहान एककात आणा.

मोठी बिले. एखादे हॉटेल, मेस किंवा मंडळ एका बिलात ४० किलो साखर नेते. असे बिल रोजच्या खपात धरले की पुढचा आठवडाभर अंदाज फुगतो. त्या आयटमच्या नेहमीच्या बिलातल्या नगांच्या दहापट किंवा जास्त असलेली बिले वेगळी काढा आणि त्या गिऱ्हाइकांना आदल्या दिवशी फोन करायची सवय लावा. ते किती नेणार आहेत हे विचारून कळते, त्यासाठी मॉडेल लागत नाही.

आयटमच्या नावांची साफसफाई हे चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या चॅटबॉटला देण्याजोगे काम आहे. तूरडाळ एक किलो चार वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलेली असते, ती एकत्र कुठली जोडायची याची यादी तो झटपट करतो. यादी स्वतः वाचून मगच लावा, कारण तो अर्धा किलो आणि एक किलोचे पुडे एकत्र करतो. फाइल देण्याआधी ग्राहकांची नावे, मोबाइल नंबर आणि उधारीचे रकाने पुसून टाका. खपाच्या अंदाजाला त्यांची गरज नाही आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती माहिती सांभाळण्याची जबाबदारी दुकानदारावर टाकली आहे.

३. माल शॉर्ट असलेले दिवस वेगळे काढा

ही पायरी गाळली तर पुढचे सगळे वाया जाते. बिलात विक्री दिसते, मागणी दिसत नाही. फळी रिकामी असेल त्या दिवशी विक्री शून्य, आणि यंत्र समजते की लोकांना माल नको होता.

समजा साबुदाण्याचे एक किलोचे ८४ पुडे २८ दिवसांत विकले गेले. सरासरी रोज ३. पण त्या २८ पैकी ७ दिवस माल नव्हता. खरी सरासरी २१ दिवसांवर काढायची, ती येते ४. रोज ३ धरून माल मागवला की पुन्हा शॉर्ट पडतो, पुन्हा शून्याचे दिवस वाढतात आणि पुढचा अंदाज आणखी खाली जातो. एखाद्या दुकानातून चांगला चालणारा आयटम असाच हळूहळू संपतो, आणि मालकाला वाटते गिऱ्हाइकाची आवड बदलली.

संगणकातला साठा पाहून शॉर्टचे दिवस काढणे हा सरळ मार्ग, पण तो साठा बहुतेक ठिकाणी खरा नसतो. चुकीचे पंचिंग, उंदरांनी फोडलेले पुडे, स्कीममध्ये फुकट आलेला माल आवकेत न धरणे, चोरी. संगणक १४ दाखवतो आणि फळीवर एकही नसतो. यावर दोन उपाय एकत्र करा.

पहिला, बिलांवरूनच ओळखायचे. आयटमचा रोजचा सरासरी खप आणि सलग शून्य विक्रीचे दिवस यांचा गुणाकार ६ च्या वर गेला, तर ते दिवस शॉर्टचे धरा. रोज ३ पुडे खपणाऱ्या आयटमला सलग तीन दिवस एकही गिऱ्हाईक न मिळण्याची शक्यता दहा हजारांत एक-दोनदा इतकीच आहे. दोन दिवसांत एक नग खपणाऱ्या आयटमला मात्र पाच दिवस शून्य येणे सहज शक्य आहे, तिथे गुणाकार अडीचच येतो, त्याला हात लावू नका. काही आयटम थोडीच गिऱ्हाइके पण एका वेळी चार-पाच नग नेतात. तिथे ६ ऐवजी १० ही मर्यादा ठेवा.

दुसरा उपाय पुढच्या काळासाठी. रोज सकाळी दुकान उघडल्यावर एका मुलाने या ३०० आयटमच्या फळ्या बघत फिरायचे आणि रिकामी जागा मोबाइलवर टिपायची. मोजायचे नाही, फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’. वीस-पंचवीस मिनिटांचे काम आहे. शिवाय रोज १५ आयटम प्रत्यक्ष मोजून संगणकातला साठा दुरुस्त करायचा. २० दिवसांत सगळे ३०० एकदा मोजून होतात. ज्यांचा साठा संगणकात वजा दिसतो ते त्याच दिवशी मोजा.

अर्धवट शॉर्टचे दिवसही असतात, दुपारी माल संपतो आणि संध्याकाळचे गिऱ्हाईक परत जाते. जो आयटम रोज दहाच्या वर खपतो त्याचे शेवटचे बिल दुपारी दोनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी आवक आल्यावरच विक्री सुरू झाली असेल, तर तो दिवसही वगळा. वगळलेल्या दिवशी शून्य लिहू नका, रकाना रिकामा ठेवा.

४. तारखेऐवजी तिथी धरा

‘गेल्या वर्षी याच तारखेला किती खपले’ हा हिशेब महाराष्ट्रातल्या किराण्याला लागू पडत नाही. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती, २०२६ मध्ये ती २५ जुलैला आहे. तारखेवर चालणारे यंत्र साबुदाणा, भगर, शेंगदाणे आणि राजगिरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरायला लावते आणि २० ते २४ जुलैला फळी रिकामी पडते. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर गेली, दिवाळीचे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर. कारण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ येतो. अधिक मास नसलेल्या वर्षात सण साधारण ११ दिवस अलीकडे येतात, तो आला की १८-१९ दिवस पलीकडे जातात.

अधिक महिना स्वतःही खप बदलतो. जावयाला वाण, अनारसे, बत्तासे, पुरणाचे धोंडे यांमुळे गूळ, खसखस, तांदूळ, हरभरा डाळ वर जाते. २०२४ आणि २०२५ ची बिले दिलेल्या यंत्राने असा महिना पाहिलेलाच नाही. आधीचा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ असा होता. तेव्हाची बिले असतील तर त्यावरून गुणक (साध्या दिवसांच्या किती पट खप झाला) काढून हाताने घाला.

सणांची तयार यादी इंटरनेटवरून उचलताना आणखी एक खड्डा आहे. उत्तर भारतात पौर्णिमेला महिना संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिकडचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो: २०२५ मध्ये तिकडे ११ जुलैला, इथे २५ जुलैला. दिल्ली-बंगळुरूच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा तिकडची यादी असते. ती तशीच वापरली तर अंडी आणि फ्रोझन चिकनचा अंदाज पंधरा दिवस आधीच पडतो, आणि गटारीच्या आधीचा मोठा खप हातचा जातो. यादी मराठी पंचांगावरून स्वतः तयार करा. एकदा बसून पाच वर्षांची केली की काम झाले.

यादीत नुसते ‘सण आहे, नाही’ लिहून भागत नाही. प्रत्येक दिवसापुढे ‘सणाला किती दिवस राहिले’ हा आकडा हवा. दिवाळीचा रवा, बेसन, भाजके पोहे, वनस्पती तूप आठ-दहा दिवस आधी जाते, सुगंधी उटणे आणि पणत्या शेवटच्या तीन-चार दिवसांत, आणि भाऊबीज झाली की फराळाचा माल आपटतो. संक्रांतीचे तीळ-गूळ आठवडाभर आधी सुरू होतात, पण हळदी-कुंकवाच्या वाणाच्या वस्तू रथसप्तमीपर्यंत चालतात. एकादशी आणि संकष्टीचा माल आदल्या दोन दिवसांत. म्हणून उणे १२ पासून अधिक ३ पर्यंतचे दिवस सणवार नोंदवा. संक्रांतीची तारीख स्थिर असते, १४ किंवा १५ जानेवारी, तिथे अडचण नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, खजूर आणि शेवयांसाठी तोही यादीत हवा. कोकण आणि गोव्यात गणपतीचे वजन दिवाळीपेक्षा जास्त, गोव्यात नाताळही. सोलापूर-पंढरपूर पट्ट्यात वारीचे दिवस वेगळे नोंदवावे लागतात.

सणांशिवाय तीन गोष्टी जोडा: महिन्याची तारीख, कारण पगारदार वस्तीत १ ते १० तारखेला महिन्याचा किराणा भरला जातो, आठवड्याचा वार, आणि गावचा आठवडे बाजार. जूनमध्ये शाळा उघडण्याचा आठवडाही, डब्याच्या मालासाठी.

५. आधी साधा अंदाज

मॉडेलला हात लावण्याआधी एक्सेलमध्ये साधा अंदाज काढा. गेल्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराची सरासरी, शॉर्टचे दिवस वगळून. सणाला गुणक: गेल्या वर्षी एकादशीआधीच्या चार दिवसांत साबुदाणा रोज ४५ किलो गेला आणि साध्या दिवसांत १० किलो जात होता, तर गुणक ४.५. यंदा साध्या दिवसांचा खप १२ असेल तर अंदाज ५४ किलो.

हा साधा अंदाज हलका समजू नका. २०२० मध्ये वॉलमार्टच्या दहा दुकानांतल्या ३,०४९ वस्तूंच्या विक्रीवर एम५ नावाची जागतिक स्पर्धा झाली. हजारो संघ उतरले, पण भारित सरासरीच्या जुन्या सांख्यिकी पद्धतीला मागे टाकणे दहातल्या एकालाही जमले नाही. ज्यांना जमले त्यांनी मात्र अंतर चांगले काढले.

६. मॉडेल

कोड लिहिणारे कोणी नसेल तर एक्सेल २०१६ पासून असलेले ‘फोरकास्ट डॉट ईटीएस’ हे सूत्र वापरा. रोजच्या आकड्यांवर लावताना हंगामाच्या लांबीत ७ द्या, म्हणजे आठवड्याचे चक्र धरले जाते. त्याला सण कळत नाहीत, म्हणून सणाचे दिवस आधी गुणकाने भागून साधे करा आणि अंदाज आल्यावर पुन्हा गुणा. शॉर्टच्या रिकाम्या रकान्यात त्याच वाराची सरासरी भरा. ३०० आयटमसाठी हे पुरेसे आहे.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारा मुलगा किंवा मुलगी हाताशी असेल तर लाइटजीबीएम घ्या. हे ‘असे असेल तर तसे’ या प्रश्नांची झाडे रचून शिकणारे सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि एम५ मध्ये वरच्या बऱ्याच संघांनी तेच वापरले होते. एका दुकानाचे ३०० आयटम आणि ७३० दिवस म्हणजे २,१९,००० ओळी, काही मिनिटांचे काम. आयटमला एक अशी ३०० मॉडेल करू नका. सगळ्यांचे मिळून एकच करा, म्हणजे एका ब्रँडच्या बेसनाला दिवाळीत काय होते ते दुसऱ्या ब्रँडसाठीही शिकले जाते. रकाने: आयटम, गट, वार, महिन्याची तारीख, गेल्या ७, १४ आणि २८ दिवसांची सरासरी, त्याच वाराची चार आठवड्यांची सरासरी, विक्रीदर भागिले एमआरपी, स्कीम, आणि सणाला राहिलेले दिवस. त्याच्या सेटिंगमध्ये उद्दिष्ट म्हणून ‘ट्वीडी’ निवडा, कारण किराण्याच्या आकड्यांत शून्ये बरीच असतात. बाकीची सेटिंग: शिकण्याचा वेग ०.०५, झाडाची पाने ३१, एका पानात किमान ५० ओळी, इथून सुरुवात करा.

दोन चुका हमखास होतात. पहिली, भविष्य आधीच दाखवणे. ऑर्डर सोमवारी द्यायची आणि अंदाज पुढच्या नऊ दिवसांचा हवा, तर नवव्या दिवसाच्या ओळीत आठव्या दिवसाची विक्री रकाना म्हणून देता येत नाही, कारण सोमवारी ती माहीत नसते. सगळ्या सरासऱ्या ऑर्डरच्या आदल्या रात्रीपर्यंतच्याच हव्यात. हे चुकले की पडताळणीत आकडे सुंदर येतात आणि दुकानात फसतात. दुसरी, लाइटजीबीएमसारखे झाडांवर आधारलेले मॉडेल आधी पाहिलेल्या आकड्यांच्या पलीकडे जात नाही. शेजारी नवी सोसायटी उभी राहून खप दुप्पट झाला तर ते मागेच अडकते. म्हणून थेट नग शिकवू नका. दिवसाचा खप भागिले गेल्या २८ दिवसांची सरासरी, हे प्रमाण शिकवा आणि शेवटी सरासरीने गुणा.

चॅटबॉटला बिलांची फाइल देऊन ‘पुढच्या आठवड्यात किती खपेल’ असे विचारू नका. तो आत्मविश्वासाने आकडे देतो, पण ते कुठून आले ते तपासता येत नाही. त्याच्याकडून एक्सेलचे सूत्र किंवा पायथनचा कोड लिहून घ्या, आकडे त्या कोडमधून काढा.

७. पडताळणी

शेवटचे आठ आठवडे यंत्रापासून लपवून ठेवा. आठवड्याला एकदा पुढे सरकत अंदाज काढा आणि प्रत्यक्षाशी जुळवा. शिवाय मागची एक दिवाळी किंवा गणपती वेगळा तपासा, कारण साध्या आठवड्यांत चांगला चालणारा अंदाज सणात कोसळू शकतो.

प्रत्येक आयटमची टक्केवारी काढून तिची सरासरी घेऊ नका. ज्या दिवशी विक्री शून्य, तिथे भागाकारच होत नाही. सगळ्या चुकांची बेरीज भागिले सगळ्या विक्रीची बेरीज, हे माप घ्या. अंदाज १०, २०, ५ आणि विक्री १२, १५, ८ असेल तर चुका २, ५, ३, म्हणजे १०. विक्री ३५. चूक साधारण २९ टक्के. या उदाहरणात अंदाजाची बेरीजही ३५ आहे, म्हणजे एकूण कल ना वर ना खाली. दोन्ही आकडे हवेत. चूक कमी असूनही अंदाज सतत खाली राहत असेल तर शॉर्टचे दिवस नीट वगळलेले नाहीत, पायरी ३ कडे परत जा. मॉडेल साध्या अंदाजापेक्षा सरस येत नसेल तर साधाच वापरा.

८. अंदाजावरून ऑर्डर

अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे, आणि इथेच बहुतेक प्रयोग अर्धवट सुटतात. सेल्समन आठवड्याने येतो, माल दोन दिवसांत मिळतो. म्हणजे आजची ऑर्डर पुढचे ९ दिवस पुरली पाहिजे. तूरडाळीचा अंदाज रोज १८ पुडे, तर ९ दिवसांचे १६२. त्यावर राखीव साठा. मागच्या अंदाजांतल्या रोजच्या चुकांचे प्रमाण विचलन (चुका किती पसरलेल्या आहेत त्याचे माप, एक्सेलमध्ये मिळते) ६ असेल, तर नऊ दिवसांचे ६ गुणिले नऊचे वर्गमूळ, म्हणजे १८. शंभरातून ९५ वेळा माल पुरायला हवा असेल तर १.६५ ने गुणा, ३० येतात. लक्ष्य १९२. दुकानात ७०, वाटेत २०. मागवायचे १०२. बॉक्स दहाचा असेल तर ११०.

वर्गमूळाचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा एका दिवसाची चूक दुसऱ्याशी बांधलेली नसते. सणात सगळे दिवस एकाच दिशेने चुकतात. म्हणून वर्षभराच्या पडताळणीतून नऊ दिवसांच्या बेरजेची चूक थेट मोजली तर आकडा जास्त भरवशाचा येतो, आणि बहुधा मोठाही.

सगळ्या मालाला ९५ टक्के लावू नका. साखर, तेल, डाळ, चहा शॉर्ट पडली तर गिऱ्हाईक सगळी यादीच दुसरीकडे नेते, तिथे ९८ टक्के धरा, गुणक २.०५. दहा ब्रँडच्या बिस्किटांपैकी एक नसेल तर दुसरे उचलले जाते, तिथे ९० टक्के आणि १.२८ पुरे.

दिवसात संपणाऱ्या मालाचा हिशेब वेगळा. समजा लादीपाव २४ ला घेतला, ३० ला विकला. विकला तर ६ मिळतात, उरला तर २४ जातात. मिळणारे ६ भागिले दोन्हींची बेरीज ३०, म्हणजे ०.२०. गेल्या २० रविवारांची मागणी चढत्या क्रमाने लावा आणि चौथा (२० गुणिले ०.२०) आकडा मागवा. बेकरीवाला उरलेला माल अर्ध्या किमतीत परत घेत असेल तर नुकसान १२, प्रमाण ६ भागिले १८, म्हणजे ०.३३, तेव्हा सातवा आकडा. परतीची अट बदलून घेतल्याने मॉडेल सुधारण्याइतकाच फायदा होतो, हे वितरकाशी बोलताना लक्षात ठेवा. पाव घ्यायला येणारा सोबत दूध-अंडीही नेत असेल, तर त्यांचे मार्जिन ६ मध्ये मिळवा, मग आकडा बराच वर जाईल.

शेवटी एक्सपायरीची मर्यादा घाला. मागवलेला माल एक्सपायरीच्या एक महिना आधी संपेल, यापेक्षा जास्त ऑर्डर निघाली तर ती कापा. महिनाअखेरीला सेल्समन टार्गेटसाठी ‘दोन बॉक्सवर एक फ्री’ घेऊन येतो तेव्हा हीच मर्यादा उपयोगी पडते.

९. दुकानात उतरवताना

पहिले सहा आठवडे यंत्राने फक्त यादी काढायची आणि ऑर्डर नेहमीसारखी माणसाने द्यायची. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. नंतर यंत्राची यादी मूळ धरा आणि मॅनेजरला बदलायची मुभा द्या, पण बदलाचे कारण लिहिण्याच्या अटीवर: ‘समोर लग्न’, ‘पावसाने रस्ता बंद’, ‘नवी स्कीम’. दोन महिन्यांनी कुठल्या कारणांचे बदल यंत्रापेक्षा बरोबर ठरले ते पाहा. लग्न आणि रस्ता यांसारख्या गोष्टी माणसालाच कळतात, तो हक्क काढून घेऊ नका. ‘वाटले म्हणून’ केलेले बदल मात्र बहुधा आदल्या आठवड्यात जे शॉर्ट पडले तेच जास्त मागवणारे निघतात.

सरकारी दर बदलले की इतिहास तुटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे १८ वरून ५ टक्के जीएसटीवर आली, तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. नवे दर लागण्याआधीच्या आठवड्यांत लोकांनी खरेदी थांबवली असेल तर ते आकडे घसरलेले दिसतील आणि नंतरचे फुगलेले. या आयटमचे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ चे आकडे शिकवण्यातून वगळा किंवा त्यांना वेगळी खूण करा. त्या वर्षी दिवाळी २१ ऑक्टोबरला होती, म्हणजे करकपातीचा आणि सणाचा परिणाम एकमेकांत मिसळला आहे. गुणक काढताना तूप आणि बिस्किटांसाठी २०२४ ची दिवाळी धरा.

मॉडेल महिन्यातून एकदा नव्याने शिकवा, सरासऱ्या रोज रात्री बिलिंग बंद झाल्यावर. दर सोमवारी तीन याद्या छापून घ्या: ज्यांचा अंदाज सलग तीन आठवडे एकाच बाजूला चुकला, ज्यांचा साठा वजा आहे, आणि ज्यांचा साठा अंदाजाप्रमाणे ४५ दिवसांपेक्षा जास्त पुरेल. तिसरी यादी घेऊन सेल्समनसमोर बसा, आणि परत घेतला जाईल तो माल पुढची ऑर्डर लिहिण्याआधी परत द्या.